अनुभव धागा: रीजन्सी रोमान्स कसे वाचता, परीक्षणात काय लिहिता?

निळी शाई (धागाकर्ती)

ड्यूक, बॉलरूम, हातमोजे, पंखे आणि पहिल्या पन्नास पानांत एकमेकांवर डाफरणारे दोघं. या कादंबऱ्या वाचणारे आपल्यात बरेच आहेत हे मला ठाऊक आहे. दुसऱ्याच कुठल्या गप्पांत कुणीतरी हळूच एखादं नाव काढतं आणि लगेच 'टाइमपास म्हणून हं' असं जोडून मोकळं होतं. इथे ते जोडायची गरज नाही.

काळ तेवढा नक्की करून घेऊ. इंग्लंडचा राजा तिसऱ्या जॉर्जला आजारपणामुळे कारभार झेपेना, म्हणून ५ फेब्रुवारी १८११ ला त्याचा मुलगा रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभार बघणारा, झाला. २९ जानेवारी १८२० ला म्हातारा राजा वारला आणि रीजंट गादीवर बसला. मधली नऊ वर्षं म्हणजे रीजन्सी. लेखिका ही हद्द दोन्ही बाजूंनी थोडी ओढतात, आपणही ओढू. आगगाडी आली की मात्र वेगळा धागा.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी संवाद बघते. भांडताना दोघं एकमेकांचं ऐकतायत का? ऐकत असतील तर कथानकाला चार भोकं असली तरी मी चांगलं लिहिते. आणि माझं पुस्तक मिटतं ते 'तुला माहीतच आहे, आपला मोठा भाऊ अर्ल आहे' छापाच्या वाक्याला. बहीण भावाला असं कशाला सांगेल? जेन ऑस्टेनचं बरं होतं. १८१३ साली तिच्या वाचकांना घोडागाड्यांचे प्रकार समजावावे लागत नव्हते. आजच्या लेखिकेला ते समजावायचे असतात आणि समजावतोय हे दिसूही द्यायचं नसतं. ज्यांना हे जमतं त्यांना मी बाकी बरंच माफ करते.

या पुस्तकांकडे कसे आलात, परीक्षण लिहिताना आधी काय बघता, कुठे पुस्तक फेकलंत, सगळं लिहा. शेवट फोडलात तरी चालेल. शेवटी लग्नच असतं.

ओसरी

मी सत्तरच्या दशकातली वाचक. दादरला वाचनालयाची महिन्याची वर्गणी भरायची आणि घरी आणताना पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचं, कारण मुखपृष्ठावरच्या बाईचे खांदे उघडे. तेव्हा मिळायची ती बार्बरा कार्टलंड. पातळ पुस्तक, दुपारच्या जेवणानंतर सुरू केलं की चहाच्या आधी संपायचं. तिची नायिका वाक्य म्हणून पुरं करायची नाही, दर दोन शब्दांनी टिंबं टिंबं. लाजायची तरी किती!

मग वाचनालयातल्या बाईंनी एकदा जॉर्जेट हेयर हातावर ठेवली आणि म्हणाल्या, 'हे जरा जड जाईल, पण परत आणून देऊ नका लगेच.' जड गेलंच. निम्मे शब्द कळेनात. तरुण सरदारपुत्रांची टपोरी भाषा, घोड्यांच्या बाजारातली भाषा, जुगाराच्या टेबलावरची भाषा. पण माणसं हसत होती, आणि मी त्यांच्याबरोबर. १९३५ च्या 'रीजन्सी बक'पासून हा सगळा प्रांत तिने जवळपास एकटीने वसवला. पोशाख, गाड्या, शिव्या, सगळ्याच्या नोंदवह्या ठेवायची. वॉटर्लूवरच्या तिच्या १९३७ च्या कादंबरीत तर प्रेमप्रकरण बाजूला बसतं आणि लढाईच पानंच्या पानं चालते. माझ्या यजमानांनी तेवढंच वाचलं, प्रेम वगळून.

आता परीक्षणाचं. 'द ग्रँड सोफी' हे तिचं सगळ्यात गमतीदार पुस्तक असं मी कुणालाही सांगेन. सोफी आत्याच्या घरी उतरते तीच माकड, पोपट आणि कुत्रा घेऊन. पण मध्ये एक प्रसंग आहे ज्यू सावकाराचा. तेलकट, लोचट, नाकाच्या वर्णनासकट. ज्या ज्या गलिच्छ कल्पना त्या समाजाबद्दल होत्या त्या सगळ्या एका माणसात भरल्यात. पुस्तक आहे १९५० चं. म्हणजे छळछावण्यांत काय घडलं हे कळून पाच वर्षं झालेली. 'तेव्हा चालायचं' ही पळवाट इथे मला पटत नाही. मी परीक्षणात दोन्ही लिहिते, आणि सावकाराचं आधी लिहिते. हसण्याचं कुणीही सांगेल.

पावटा

एक हिशोब. त्या काळात राजघराण्याबाहेरचे ड्यूक मोजून दोन-अडीच डझन. त्यातले बरेच म्हातारे, विवाहित आणि गाउटने पाय वर करून बसलेले. माझ्या फोनमध्येच याहून जास्त ड्यूक आहेत, सगळे तिशीतले, अविवाहित आणि दात शाबूत. तक्रार नाही. फक्त नोंद.

कलम ४२०

पेशाने वकील. ही पुस्तकं बायकोची, पण आमच्या घरी रात्रीचा दिवा एकच असल्यामुळे मीही वाचू लागलो. आता परिस्थिती अशी आहे की ती प्रेमासाठी वाचते आणि मी चुकांसाठी.

ग्रेटना ग्रीन घ्या. १७५३ च्या कायद्यानंतर इंग्लंडात एकवीस वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय परवान्यावर लग्न करता येईना. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. म्हणून पळून जाणारी जोडपी सरहद्द ओलांडली की लागणाऱ्या या पहिल्या गावात लग्न लावायची. इथवर सगळ्या लेखिकांना माहीत असतं. माहीत नसतं ते अंतर! लंडनहून तीनशे मैलांहून जास्त. घोडे बदलत, न झोपता पळालं तरी दीड-दोन दिवस. एका पुस्तकात जोडपं संध्याकाळच्या नाचानंतर निघतं आणि सकाळी नाश्त्याला लग्न होऊन परत. मी तिथे पेन्सिलीने 'विमानाने?' असं लिहिलंय.

घटस्फोटही तसाच. पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट १८५७ पर्यंत पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा करूनच मिळायचा. खर्च अफाट, आणि घरातली धुणी सगळ्या देशासमोर. त्यामुळे तीन आठवड्यांत मोकळी होणारी नायिका दिसली की मी थांबतो.

पण खरी नाट्यमय गोष्ट बहुतेक लेखिका वापरतच नाहीत. लग्न होताच बाईची रोकड, दागिने, फर्निचर नवऱ्याचं. ते वाचवायचं तर लग्नाआधी विश्वस्त नेमून करारनामा करायचा. वर्षाला हातखर्च किती, नवरा मेल्यावर विधवेला किती, धाकट्या मुलांना किती. दोन्हीकडचे वकील यावर आठवडे घालवत. प्रेमात पडलेले दोघं आणि टेबलावर हा कागद, यापेक्षा चांगला प्रसंग काय हवा? ज्या पुस्तकात नायक स्वतःहून तिचा पैसा तिच्याच नावे बांधून देतो तिथे मी विरघळतो. चुंबनाच्या प्रसंगाला नाही विरघळत, बायको साक्षीदार आहे.

आणि दत्तक. निपुत्रिक अर्ल गरीब पुतण्याला 'दत्तक' घेतो आणि पदवी त्याच्याकडे जाते, असं आपल्या वाचकाला खटकतही नाही, कारण आपल्याकडे गाद्या अशाच चालल्या. इंग्लंडात कायद्याने दत्तकच १९२६ ला आलं, आणि पदवी तर त्यानेही मिळत नाही. हेच लोक इकडे येऊन दत्तक नामंजूर करत होते. १८४८ ला सातारा खालसा झालं ते असंच.

सातारी कंदी

कलमभाऊ, साताऱ्याचं नाव काढलंत म्हणून लिहितोच, नाहीतर नुसता वाचणार होतो.

या कादंबऱ्यांत हिंदुस्थान म्हणजे माळ्यावरची ट्रंक. लागेल ते त्यातून काढायचं. श्रीमंत काका, काश्मिरी शाल, ताप अंगात घेऊन परतलेला कॅप्टन, पोपट. ट्रंकेत ते आलं कुठून, हे कुणी विचारत नाही. मी विचारतो. बहिणीने ही पुस्तकं माझ्या गळ्यात मारली तेव्हा तिला वाटलं नव्हतं की मी पानाच्या कडेला तारखा लिहीत बसेन.

नायिकेचा लंडनमधला पहिला हंगाम, म्हणजे नाच-मेजवान्यांचा आणि लग्नं जुळवायचा मोसम, १८१७ चा. बुधवारी रात्री ती ऑल्मॅक्सच्या नाचाला जाते, जिथे मोजक्या उमराव बायका कुणाला आत घ्यायचं ते ठरवतात आणि खायला पातळ पाव-लोणी मिळतं. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव. जूनमध्ये दुसरा बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन. म्हणजे पुढच्या वर्षीचा हंगाम रंगात असताना इकडे पेशवाई संपली. नायकाचा आदर्श ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे १८०३ ला आपल्या जालन्याकडच्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली. कादंबरीत तो खोलीच्या टोकाला उभा राहून मान हलवतो आणि सगळ्या मुली खूश.

आता गंमत ऐका. नायक अंगठी घ्यायला ज्या दुकानात जातो ते बरेचदा रंडेल अँड ब्रिज असतं. लडगेट हिलवरचे हे जवाहिरे, खुद्द रीजंट त्यांचं गिऱ्हाईक. १८१८ च्या लुटीतला नासक हिरा, जो त्र्यंबकेश्वराचा म्हणून सांगतात, तो लंडनला गेल्यावर याच दुकानात आला. दख्खनच्या त्या लुटीत कोणाचा हिस्सा किती, यावर इंग्रज सेनापतींची भांडणं पुढे कित्येक वर्षं चालली. हे कळल्यापासून कादंबरीत त्या दुकानाची घंटी वाजली की मी वाचन थांबवून पाणी पिऊन येतो.

मला इतिहासाचं व्याख्यान नकोय. प्रेमकथेत प्रेमच असू दे. पण 'वर्षाला दहा हजार पौंड' असं लिहिलंत तर ते पौंड कुठून येतात याचं एक वाक्य तरी हवं. कुळांकडून? कंपनीच्या लुटीतून? वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांतून? गुलामांचा व्यापार ब्रिटनने १८०७ ला बंद केला, पण गुलाम बाळगणं चालूच होतं, त्याच्या बंदीचा कायदा १८३३ चा. ज्या लेखिका हे वाक्य लिहितात त्यांचा नायक मला जास्त खरा वाटतो, आणि त्याच्यावर प्रेम करणं नायिकेला जास्त अवघड जातं. अवघड गेलं तरच पुस्तक चांगलं होतं ना?

पावटा

कंदीशेठ, आता अंगठीचा प्रसंग आला की मला त्र्यंबकेश्वर दिसणार. धन्यवाद नाही.

बाराखडी

मी उलट्या वाटेने आले. २०२० च्या डिसेंबरात 'ब्रिजर्टन' मालिका बघितली, मग ज्युलिया क्विनची पुस्तकं. २०२२ च्या दुसऱ्या भागात केट आणि एडविना या शर्मा बहिणी आल्या आणि आमच्या घरात गोंधळ. मुंबईहून आलेल्या, वडिलांना 'अप्पा' म्हणतात, एकमेकींना 'दीदी' आणि बंगालीतलं 'बोन', आणि एडविनाला म्हणे मराठीही येतं! आई म्हणाली, 'मग एक वाक्य तरी बोल गं बाई.' हळदीच्या प्रसंगाला 'कभी खुशी कभी गम'ची धून लागली तेव्हा मात्र ती गप्प बसून बघत होती. मूळ पुस्तकात हे काहीच नाही. तिथे केट शेफील्ड आहे, पक्की इंग्रज. मालिकेने इतिहास धाब्यावर बसवलाय हे मला मान्य, पण कंदी यांच्या ट्रंकेतून बाहेर येऊन दोन मुली मधोमध नाचल्या, याचा मला आनंद झाला. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

पण मला लिहायचंय ते पहिल्या पुस्तकाबद्दल. ते २००० चं. त्यात नवरा दारू प्यायलेला असताना नायिका त्याच्या इच्छेविरुद्ध मूल व्हावं म्हणून जे करते, ते वाचून मी पुस्तक पालथं ठेवलं. उलट झालं असतं, म्हणजे ती प्यायलेली आणि तो शुद्धीत, तर आपण त्याला काय म्हटलं असतं? मी परीक्षणात एवढाच प्रश्न लिहिला. खाली उत्तरं आली की नवरा-बायकोत कसली परवानगी, तुम्ही आजचे चष्मे लावून वाचता. अहो, पुस्तक आजचंच आहे! १८१३ मध्ये घडतं, पण लिहिलं आमच्या काळात आणि वाचतोय आम्ही. बाकी त्या आठ भावंडांच्या घरातली चेष्टामस्करी मला इतकी आवडते की पुढची सगळी पुस्तकं वाचली. दुसऱ्या पुस्तकातला क्रोकेसारखा तो लाकडी चेंडू-हातोड्यांचा खेळ तर दोनदा वाचला.

ढगाळ हवामान

इंग्लंडात राहते, त्यामुळे पाहुणे आले की 'ते बॉलरूम दाखव' होतं. ऑल्मॅक्स बघायला मिळत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यात इमारत गेली, आता किंग स्ट्रीटवर त्याच नावाची ऑफिसची इमारत उभी आहे. बाथला जा. सप्टेंबरात ऑस्टेनचा उत्सव असतो, शेकडो लोक त्या काळचे कपडे घालून रस्त्यातून मिरवतात. ब्रायटनला रीजंटचा राजवाडा बघा, बाहेरून घुमट-मिनार हिंदुस्थानी थाटाचे आणि आत सगळं चिनी. त्याच गावात पाटण्याकडचा शेख दीन मोहम्मद लोकांना चंपी-मालिश करून देत असे, रीजंटसुद्धा त्याच्याकडे जायचा. त्याआधी १८१० ला त्याने लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं कॉफी हाउस काढलं होतं, हुक्क्यासकट. चाललं नाही ते. पण एवढा नायक तयार असताना लेखिका ड्यूकच का शोधतात?

मऊ भात

माझा छोटासा अनुभव. आजीला दिसत नाही, म्हणून मी रात्री तिला वाचलेलं मराठीत सांगते. ती प्रेमाबद्दल काही विचारत नाही. तिचे प्रश्न असे: एवढ्या मेणबत्त्या, खाली मेण पडतं ते कोण खरवडतं? मुलगी पहाटे नाचून घरी येते, तोवर तिची मोलकरीण जागीच का? त्या पांढऱ्या मलमलीवर डाग पडला तर? परवा एका पुस्तकात नायिकेने स्वतःहून मोलकरणीला झोपायला जा म्हणून सांगितलं. आजी म्हणाली, 'ही चांगली आहे. हिचं होऊ दे.' मी परीक्षणात हेच लिहिलं.

बाराखडी

आजींना नमस्कार! ओसरीताई, हेयर सुरू करायची तर पहिलं कुठलं? सावकार नको.

ओसरी

'फ्रेडरिका', १९६५ चं. नायिका चोवीस वर्षांची, धाकट्या भावंडांचं करता करता स्वतःच्या लग्नाचा विचारच सोडून दिलेली. नायकाला जगात कशाचंच कौतुक नाही, आणि तिचा बारका भाऊ त्याला वाफेची यंत्रं बघायला ओढून नेतो. आकाशात जाणारा फुगा आहे. एक मोकाट कुत्राही आहे, तो बागेत गाईंवर धावून जातो, आणि राखणदारांनी पकडल्यावर त्याला सोडवायला थाप मारतात की हा साधासुधा नव्हे, दुर्मिळ बलुचिस्तानी जातीचा आहे. कंदी, तुम्हीही वाचा. हे तुमच्या ट्रंकेतलंच, पण निदान इथे ते खोटं आहे हे सगळ्यांना माहीत असतं.