मदत हवी आहे : ८८ ऐवजी १४० अश्वशक्तीचे इंजिन बसवताना डिझेलची लाइन किती बदलावी?

नमस्कार. आमची फायबरची ट्रॉलर नौका पावसाळी बंदीमुळे सध्या आंजर्ले खाडीत शाकारून ठेवलेली असून तिच्यातील ८८ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन काढून १४० अश्वशक्तीचे बसवण्याचे काम चालू आहे. गिअरबॉक्स, शाफ्ट आणि पंखा यांचा निर्णय झालेला आहे आणि नोंदणीतील बदलासाठी अर्जही दिलेला आहे. त्यामुळे माझा प्रश्न टाकीपासून इंजिनापर्यंतच्या डिझेल पुरवठ्यापुरताच आहे.

नौकेत डाव्या व उजव्या बाजूस एकेक पोलादी टाकी आहे. प्रत्येक टाकीत वरून सोडलेली ८ मिलिमीटर आतील व्यासाची तांब्याची नळी बॉल व्हॉल्व्हमधून एका जोडावर येते, तेथून पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरमधून, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाकडे जाते. ही लांबी सुमारे ५ मीटर आहे आणि टाक्या अर्ध्या रिकाम्या झाल्या की डिझेलची पातळी पंपाच्या अर्धा मीटर खाली जाते. इंजिनातून परत येणारे डिझेल मात्र फक्त डाव्या टाकीत पडते.

आमचे फिटर अनुभवी आहेत आणि त्यांच्या मते याच नळीवर काम भागेल, कारण जळणाऱ्या डिझेलच्या खर्चातील वाढ फार मोठी नाही. तेवढ्यापुरते त्यांचे म्हणणे बरोबर आहे. एका किलोवॉट-तासाला साधारण २१५ ग्रॅम डिझेल धरले, तर पूर्ण भारावर जुन्या इंजिनाला तासाला सुमारे १७ लिटर लागत होते आणि नव्याला सुमारे २६ लिटर लागेल. पण नव्या इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे फीड पंप तासाला ९० लिटर डिझेल ओढतो आणि न जळालेले सगळे परत टाकीत पाठवतो. म्हणजे ओढीच्या नळीतून २६ नव्हे, तर ९० लिटर वाहणार. नळी खर्चावरून न ठरवता या एकूण प्रवाहावरून ठरवावी, असे मला वाटते. जाळे ओढत असताना इंजिन उपाशी राहून बंद पडले, तर दोर पंख्यात जाण्याचा धोका असतो आणि नौकेवरच्या माणसांचा जीव त्यावर अवलंबून असतो, म्हणून मला अंदाजावर विसंबायचे नाही.

नळी १० मिलिमीटरची घ्यावी की १२? जुना फिल्टर चालेल का? आणि परतीच्या नळीचे काय करावे?

प्रतिसाद १

आपला विचार योग्य दिशेने आहे. नळीतील रोध व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो, त्यामुळे ८ ऐवजी १२ मिलिमीटर घेतल्यास तो जवळजवळ पाचपट कमी होतो. आपल्या ५ मीटर लांबीत ९० लिटरच्या प्रवाहाला ८ मिलिमीटरच्या नळीत साधारण ३ ते ४ किलोपास्कल दाब खर्ची पडेल, तर १२ मिलिमीटरच्या नळीत एकाहूनही कमी. अर्धा मीटर उंची चढवण्यासाठी आणखी ४ किलोपास्कल लागतातच आणि ते कोणतीही नळी वाचवू शकत नाही. म्हणून १२ घ्यावी.

मात्र केवळ नळी बदलून उपयोग नाही. पुष्कळ ठिकाणी नळी मोठी केली जाते, पण टाकीतील ओढीची नळी, बॉल व्हॉल्व्हचे आतील छिद्र, काटकोनी जोड आणि नळीत घुसणारे निपल हे सारे जुनेच राहतात, आणि खरी अडचण तिथेच असते. टाकीतील नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असल्यास ती काढावी, कारण ती आतून तुंबली तर समुद्रात हात पोहोचत नाही.

फिल्टरवर प्रतितास लिटरमध्ये क्षमता दिलेली असते. ती ९० पेक्षा बरीच जास्त असावी. जुना फिल्टर बहुधा डिझेलचा खर्च पाहून निवडलेला असेल. शक्य झाल्यास दोन फिल्टर समांतर बसवून मध्ये बदलाचा व्हॉल्व्ह ठेवावा, म्हणजे एक तुंबला तरी इंजिन बंद न करता दुसऱ्यावर जाता येते. आमच्या किनाऱ्यावर टाकीत पाणी आणि गाळ इतका साठतो की ही सोय चैनीची मानू नये.

इंजिनाला जोडणारा शेवटचा भाग तांब्याचा ठेवू नये. कंपनाने तांबे कडक होऊन तडकते, आणि ओढीच्या बाजूची तड बाहेर डिझेल गळू देत नाही, आत हवा ओढते. त्यामुळे दोष दिसत नाही, फक्त इंजिन एअर घेत राहते. तिथे आयएसओ ७८४० हा मानक क्रमांक छापलेली आगरोधक लवचिक नळी वापरावी. गॅल्व्हनाइज्ड पाइप मात्र कुठेही नको, कारण जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होते.

पहिल्या फेरीत फिल्टर आणि फीड पंप यांच्यामध्ये निर्वात दाखवणारे मीटर लावून जाळे ओढतानाच वाचन घ्यावे आणि ते पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावे. धक्क्याला बांधलेल्या नौकेवरचे वाचन फसवे असते.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. ओढ उजव्या टाकीतून आणि परत डाव्या टाकीत, ही रचना तशीच ठेवली तर चालेल का?

प्रतिसाद २

चालणार नाही. पूर्ण भारावरही तासाला ६० लिटरच्या पुढे डिझेल परत येणार, म्हणजे काही तासांत उजवी टाकी रिकामी होईल आणि डावी तिच्यात हवा येण्या-जाण्यासाठी असलेल्या नळीतून बाहेर वाहू लागेल. ज्या टाकीतून ओढ, त्याच टाकीत परत, असे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र फिरतील अशी जोडणी करावी आणि परतीचा मार्ग कधीही पूर्ण बंद होणार नाही याची खात्री करावी, कारण बंद परतीमुळे पंपाची सील फुटतात. परतीची नळी ओढीच्या नळीपासून टाकीच्या दुसऱ्या टोकाला सोडावी, कारण ते डिझेल गरम असते आणि त्यात बुडबुडेही असतात. हवेच्या नळ्याही या निमित्ताने उघडून साफ कराव्यात. त्या तुंबलेल्या असतील तर टाकीतच निर्वात तयार होतो आणि नवी १२ मिलिमीटरची नळीही कामाची राहत नाही.