जुना लॅपटॉप, दुसरी सिस्टीम, बाहेरचं ग्राफिक्स कार्ड : कोल्हापूरकरांनो, अनुभव लिहा

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हापासून राजारामपुरीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक लॅपटॉप टेबलावर ठेवतं आणि विचारतं, "ह्यो आता टाकूनच द्यायचा काय?" बघावं तर बिजागरी घट्ट, कीबोर्ड शाबूत, स्क्रीनवर ओरखडा नाही. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा, म्हणून विंडोज ११ च्या यादीत तो बसत नाही, एवढंच. अशा मशीनमध्ये अजून बरीच वर्षं काम शिल्लक आहे, असं माझं ठाम मत आहे. पण माझ्या एकट्याच्या बोलण्यावर लोकांनी का विश्वास ठेवावा? ज्यांनी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून किंवा बाहेरून ग्राफिक्स कार्ड (चित्रांचं गणित करणारं कार्ड) जोडून जुना लॅपटॉप चालता ठेवलाय, त्यांनी इथं लिहा. प्रोसेसर कुठला, रॅम किती, काय चाललं, काय अडलं, सगळं. आणि एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली होती का, ते आवर्जून सांगा. फिरती हार्ड डिस्क तशीच ठेवली तर कुठलीही सिस्टीम टाका, मशीन रखडतच चालणार.

मंगळवार पेठ, शिक्षिका

पाचव्या पिढीचा आय-३, रॅम ४ जीबी. आधी एसएसडी, मग लिनक्स मिंट या मोफत सिस्टीमची एक्सएफसीई, म्हणजे हलकी आवृत्ती. मला धास्ती होती मराठीची. ती फुकट गेली, कारण कीबोर्डच्या मांडण्यांमध्ये मराठी इनस्क्रिप्ट होतीच. अडलं ते जुन्या प्रश्नपत्रिकांपाशी. त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. लिबर ऑफिसमध्ये उघडल्या की "खालील प्रश्नांची उत्तरे लिहा" च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम. आधीच्या विंडोजमधली त्या फॉन्टची फाइल नव्या सिस्टीमच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाकली, लिबर ऑफिस बंद करून परत उघडलं आणि मराठी जशीच्या तशी दिसली. म्हणून सगळ्या शिक्षकांना माझं सांगणं आहे: डिस्क पुसायच्या आधी फॉन्टचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर काढून घ्या. नंतर तो शोधायला कुठं जाणार? वर्गातला प्रोजेक्टर एचडीएमआयवर लगेच लागतो.

रंकाळ्याजवळ, निवृत्त

मला बातम्या, भजनं आणि नातवाशी व्हिडिओ कॉल एवढंच लागतं. मुलीनं क्रोमओएस फ्लेक्स ही गूगलची सिस्टीम टाकून दिली. चालू होते पटकन आणि अपडेट आपले आपण होतात. फोनवरची ॲप मात्र त्यात चालत नाहीत, ते आधीच माहीत असू द्या.

कसबा बावडा, ॲनिमेशनचा विद्यार्थी

दादा, धागा काढलात ते बरं झालं. बाहेरच्या कार्डाबद्दल मराठीत कुठं काही सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा लॅपटॉप चौथ्या पिढीचा आय-५, रॅम १२ जीबी, एसएसडी आहे. थंडरबोल्टचं, म्हणजे बाहेरचं कार्ड थेट जोडता येईल असं वेगवान पोर्ट नाही. पण खालचं झाकण उघडलं की वायफायचं छोटं कार्ड दिसतं. ते ज्या मिनी पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसतं, तिथूनच वाट काढता येते. वायफाय कार्डाच्या दोन बारीक अँटेना वायरी नखानं हळूच उचलायच्या, टोकांना चिकटपट्टी लावायची, स्क्रू काढून कार्ड बाजूला ठेवायचं आणि त्या खाचेत ॲडॅप्टरची पट्टी बसवायची. पट्टीची केबल झाकणाच्या फटीतून बाहेर येते आणि पलीकडच्या बोर्डवर डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड उभं राहतं. मी वापरलेलं जीटीएक्स १०५० टीआय घेतलं, ४ जीबीचं. ते साधारण ७५ वॅटच्या आत भागवतं, त्यामुळे जुन्या डेस्कटॉपचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) पुरला. आधी कार्डाचा सप्लाय चालू करायचा आणि मग लॅपटॉप. चालू मशीनमध्ये केबल काढायची नाही, घालायची नाही.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरनं कोड १२ दाखवला, म्हणजे कार्डाला पत्ते द्यायला मेमरीत जागा पुरत नाही. त्याच लॅपटॉपवर लिनक्स मिंटनं कार्ड ओळखलं. ड्रायव्हर मॅनेजरमधून कंपनीचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) टाकला आणि ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये कुडाच्या, म्हणजे कार्डाकडून गणित करून घ्यायच्या एनव्हिडियाच्या सोयीच्या, खाली कार्डाचं नाव आलं. त्या रात्री मी झोपलोच नाही, अडकलेले सगळे सीन रेंडरला (पक्की चित्रं बनवायला) लावले.

आता वेगाचं. ही खाच म्हणजे पीसीआय एक्सप्रेस २.० ची एकच लेन (माहिती जायची वाट), सेकंदाला फार तर ५०० एमबी. डेस्कटॉपमध्ये हेच कार्ड ३.० च्या १६ लेनवर बसतं, तिथं सेकंदाला जवळपास १६ जीबी जातात. तरी रेंडरिंगला फारसं अडत नाही, कारण सीन एकदा कार्डाच्या मेमरीत गेला की पुढचं गणित कार्ड स्वतःच करतं. सीन ४ जीबीत बसवायची काळजी तेवढी घ्यावी लागते. गेमचं तसं नाही. तिथं दर फ्रेमला माहिती ये-जा करते, त्यामुळे ही चिंचोळी वाट जाणवते. मॉनिटर थेट कार्डालाच जोडा. चित्र परत लॅपटॉपच्या स्क्रीनवर आणलंत तर ते त्याच वाटेनं उलटं यावं लागतं.

वायफाय गेलं, त्याच्या जागी यूएसबीचं छोटं डोंगल लावलंय. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ठरावीक वायफाय कार्डांचीच यादी असते, दुसरं काही बसवलं तर मशीन पुढं जातच नाही. पैसे घालायच्या आधी आपल्या मॉडेलचं हे तपासा.

धागाकर्ता

भावा, नाद खुळा! जपून ठेवावं असं लिहिलंयस. वापरलेलं कार्ड घेणाऱ्यांसाठी एक भर घालतो. एनव्हिडियाच्या दहाच्या मालिकेला, म्हणजे १०५० टीआय, १०६० वगैरेंना, ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे, त्यापुढचे ड्रायव्हर त्यांना चालत नाहीत. एएमडीच्या कार्डांचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो, तो वेगळा टाकावा लागत नाही. फक्त रेंडरिंगसाठी कार्ड हवं असेल तर आपलं सॉफ्टवेअर त्या कार्डावर चालतं का, ते आधी बघा.

उद्यमनगर, फौंड्रीच्या पॅटर्नचं डिझाइन

आमचा लॅपटॉप सातव्या पिढीचा, पण थंडरबोल्ट ३ आहे. ४० गिगाबिटचं पोर्ट, आत पीसीआय एक्सप्रेसच्या चार लेन. तयार डबा घेतला, त्यात कार्ड बसवलं, एका केबलवर काम. कास्टिंगचं मोठं असेंब्ली फिरवून बघताना आधी चित्र तुटायचं, ते आता सलग फिरतं. पण मॉडेलमध्ये एखादं माप बदलल्यावर सगळं नव्यानं बनायला जो वेळ लागतो, तो तेवढाच राहिला. ते काम बहुतेक प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, कार्ड त्यात काय करणार? कॅडसाठी (कॉम्प्युटरवरच्या डिझाइनसाठी) डबा घेणाऱ्यांनी हे समजून घ्यावं.

आमचं कॅड विंडोजवरच चालतं, त्यामुळे ते ठेवलंय, पण इंटरनेटविना. दुसऱ्या पार्टिशनवर लिनक्स आहे. मेल बघणं आणि गिऱ्हाइकाच्या स्टेप (थ्रीडी मॉडेलच्या) फाइल फ्रीकॅड या मोफत कॅडमध्ये उघडणं तिकडं होतं. आणि फौंड्रीच्या आसपास लॅपटॉप वापरत असाल तर पंखा उघडून बघा. मोल्डिंगच्या वाळूची बारीक धूळ हीटसिंकच्या पात्यांत अशी गच्च बसते की हवा जायला जागाच राहत नाही. ती काढली आणि प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, तेव्हा आमचं मशीन तापून मंदावायचं थांबलं.

शाहूपुरी, जमाखर्चाचं काम

टॅली विंडोजवरच चालतं, त्यामुळे माझ्यासारख्यांना पूर्ण लिनक्स परवडत नाही. घरगुती वापराच्या विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय दिली, ती मी घेतली. मुलांच्या अभ्यासाला मात्र लिनक्स मिंटच.

इचलकरंजी, लग्नाचे व्हिडिओ

केडेनलाइव्ह हे व्हिडिओ कापायचं मोफत सॉफ्टवेअर वापरतो. प्रॉक्सी चालू केली की ते फोरकेच्या क्लिपांच्या हलक्या प्रती बनवतं, जुन्या लॅपटॉपवर कापाकापी त्यावर होते आणि शेवटचा एक्सपोर्ट मूळ क्लिपांवरून होतो. कार्ड लागलंच नाही. डाविंची रिझॉल्व्हची मोफत लिनक्स आवृत्ती एच.२६४ (कॅमेऱ्यांचा नेहमीचा व्हिडिओ प्रकार) घेत नाही, फुटेज आधी बदलून घ्यावं लागतं. सीझनमध्ये तेवढी सवड नसते.

गडहिंग्लज

वडिलांचा लई जुना लॅपटॉप हाय, रॅम २ जीबी. प्रॉपर्टीमध्ये ३२ बिट लिहिलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला (हाही लिनक्सचाच प्रकार) ३२ बिटचं इन्स्टॉलरच नाही म्हणतात. मग काय करू?

धागाकर्ता

तिथं दोन गोष्टी वेगळ्या असतात. सिस्टीम ३२ बिट असली तरी प्रोसेसर ६४ बिटचा असू शकतो. त्या काळात बऱ्याच मशीनवर ३२ बिटचीच विंडोज टाकून द्यायचे. "सिस्टीम टाइप" च्या ओळीत "एक्स६४", म्हणजे ६४ बिटचा प्रोसेसर, दिसतंय का, बघा.

गडहिंग्लज

व्हय, एक्स६४ हाय. प्रोसेसर कोअर टू ड्यूओ.

धागाकर्ता

मग वाट मोकळी आहे. रॅम ४ जीबी करून घ्या. त्यात डीडीआर २ लागते की ३, ते जुनी पट्टी काढून तिच्यावरच वाचा. एसएसडी घाला आणि मिंटची एक्सएफसीई टाका. कोल्हापूरला येणं झालं तर मशीनबरोबर चार्जर आणा, आणि वडिलांच्या फाइलींची एक प्रत आधी काढून ठेवा.