दगडाचं वय काढायला जीवाश्म कशाला, झिरकॉन बास की!

रंकाळ्याचा_रवी
परवा बदामी करून आलो, येताना गाडीत मित्राशी निपाणीपर्यंत भांडण चाललं होतं म्हणून इथं टाकतोय. आपला पन्हाळा, ज्योतिबा सगळा लाव्हाचा काळा दगड, साधारण ६.६ कोटी वर्षांचा, त्यात वाद नाही. पण त्याच्या खाली कलादगी नावाचे गाळाच्या दगडांचे थर आहेत, कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेला कुठं कुठं उघडे दिसतात, बदामीची लेणी कोरलेला तांबडा दगड त्याच भावकीतला. हे कॅम्ब्रियन काळाच्या आधीचे, म्हणजे ५४ कोटी वर्षांपेक्षा जुने. मित्र म्हणतो यांचं वय सूक्ष्मजीवाश्मांवरनं काढावं. माझं मत, ते अंदाजपंचे. झिरकॉन म्हणजे दगडातलं एक बारीक, टणक खनिज, त्याचा कण तयार होताना युरेनियम आत घेतो पण शिशाला दारातसुद्धा उभं करत नाही, म्हणजे आज त्यात जेवढं शिसं सापडतंय ते जवळजवळ सगळं युरेनियमचंच झालेलं. त्यात युरेनियम दोन जातींचं, एकाचं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, दुसऱ्याचं ७० कोटी, दोन्ही घड्याळं जुळली की विषय संपला.

भूगर्भवाली
रवीदादा, विषय तिथं सुरू होतो. वालुकाश्मातला झिरकॉन दुसऱ्याच कुठल्यातरी डोंगरातनं वाहून आलेला असतो. नव्या बंगल्याला जुन्या वाड्याची सागवानी तुळई बसवली तर तुळईवरनं बंगल्याचं वय सांगणार का? फार तर एवढंच कळतं की बंगला तुळईपेक्षा नवा. थरात ज्वालामुखीची राख सापडली तर झिरकॉन सोनं आहे, पण राख प्रत्येक ठिकाणी कुठनं आणायची? एमेस्सीला आम्ही शेल (चिखलाचा झालेला दगड) ॲसिडमध्ये विरघळवायचो, दगड सगळा जायचा आणि तळाला चिमूटभर काळा गाळ उरायचा, त्यात मायक्रोस्कोपखाली तपकिरी गोळे, तेच सूक्ष्मजीवाश्म. गुळगुळीत गोळे काही कामाचे नाहीत हे मान्य, ते शंभर कोटी वर्षांहून जास्त काळ तसेच चालत आलेत. पण मोठे काटेरी गोळे दिसले की एडियाकरन, म्हणजे ६३.५ कोटींच्या अलीकडचा काळ धरतात. चीनमधल्या दौशान्तुओच्या थरात ते आहेत आणि तिथं राखेच्या झिरकॉनचा आधारपण आहे.

तर्री_जास्त
जीवाश्मवाल्यांनी भीमबेटका विसरू नये 😂 २०२१ ला तिथल्या गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया (एडियाकरन काळातला चपटा जीव) सापडला म्हणून केवढा गाजावाजा, दगड ५५ कोटींचा ठरवून मोकळे, आणि २०२३ ला कळलं की ते मोहोळाचे अवशेष. दावा करणाऱ्यांनीपण चूक कबूल केली, हे मात्र भारी केलं.

रंकाळ्याचा_रवी
हेच म्हणतोय मी! आणि मध्य भारतातल्या विंध्यच्या थरांचं बघा. १९९८ ला संशोधक आझमींनी तिथल्या चुनखडीत कवचाचे बारके जीवाश्म दाखवले आणि थर कॅम्ब्रियनच्या जवळचा ठरवला. २००२ ला त्याच विंध्यच्या राखेतल्या झिरकॉननं १६३ कोटी सांगितलं. थोडाथोडका नव्हे, शंभर कोटींचा फरक!

भूगर्भवाली
अर्धीच गोष्ट सांगितलीत. २००९ ला स्वीडनचे संशोधक बेंग्टसन यांनी विंध्यच्याच चित्रकूटकडचे नवे नमुने तपासले तर तसले जीवाश्म अस्सल निघाले, फक्त खूप जुने. म्हणजे चूक जीवाश्माची नव्हती, "असलं काही कॅम्ब्रियनच्या आधी असूच शकत नाही" या हट्टाची होती. आणि आयसोटोप (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या जाती) म्हणजे नुसतं युरेनियम नव्हे हो. समुद्रातल्या स्ट्रॉन्शियम ८७ आणि ८६ चं गुणोत्तर कॅम्ब्रियनच्या आधीच्या शेवटच्या काळात ०.७०५५ च्या आसपासनं ०.७०८ च्या वर गेलं, चुनखडी जपून राहिली असेल तर ते तिच्यात दिसतं.

तर्री_जास्त
जपून राहिली "असेल तर" 😄 पाणी मुरलं की स्ट्रॉन्शियम बदलतं. कार्बनच्या आयसोटोपचंपण तेच, गुणोत्तर घसरलं हे दिसतं, पण अशा घसरणी अनेकदा झाल्यात, आपल्या थरातली नेमकी कुठली हे कोण सांगणार?

भूगर्भवाली
तेच सांगायला काटेरी गोळे लागतात!!

रंकाळ्याचा_रवी
बरं, एक पाऊल मागं येतो. राख नसेल तिथं तुमचं चालू दे. पण नुसत्या गोळ्यांवरनं कोणी आकडा छापला तर मी मानणार नाही.

तर्री_जास्त
ते सगळं ठीक आहे, पोरीच्या प्रोजेक्टला बदामीचा दगड किती वर्षांचा लिहू तेवढं सांगा, उद्या द्यायचाय.

भूगर्भवाली
"५४ कोटींपेक्षा जुना" लिहा, आणि पेन्सिलीनं लिहा.

तर्री_जास्त
बाई पेन्सिल चालवून घेत नाहीत ओ.