अनुभव धागा: गावाकडचा उन्हाळा (आभार मानायचे राहून गेलेत)

विहिरीचा_काठ

परवा लेकाला पोहण्याच्या बॅचला सोडायला गेलो होतो. तलावाच्या कडेला वीस-पंचवीस पोरं रांगेत, प्रत्येकाच्या पाठीला फोमचा निळा ठोकळा पट्ट्याने आवळलेला. आमचे चिरंजीव रडवेले. मी कठड्यावर बसलो होतो आणि एकदम छातीला सुंभ काचल्यासारखं झालं. खरंच हात तिकडे गेला.

माझ्या पाठीला मामाने बांधला होता तो पांगिऱ्याचा बिंडा. कोरेगाव तालुक्यातलं गाव, 1988 चा मे. पांगिऱ्याचं लाकूड वाळलं की इतकं हलकं होतं की पोरगंही एका हाताने उचलेल. दरवर्षी मामा तो माळ्यावरून काढून अंगणात आपटायचा, तेव्हा आतून झुरळं पळायची. विहीर बांधीव, चाळीस फूट. पायऱ्या अर्ध्यापर्यंतच, पुढे नुसत्या कपारी. मामा म्हणाला, "काय घाबरतुयास, बिंडा हाय की पाठीला." आणि दिलं ढकलून.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलोय की मामाने मला विहिरीत फेकलं. बायकोला सांगितलं, ऑफिसात सांगितलं, मुलाला तर दहादा. परवा कठड्यावर बसल्यावर पुढचं आठवलं. मी नाकातोंडात पाणी जाऊन वर आलो, तेव्हा माझ्या पोटाखाली हात होता. म्हणजे मामाने माझ्यामागोमाग अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली होती. कारण त्या दिवशी आजीने त्याला शिव्या घातल्या त्या मला ढकलल्याबद्दल नव्हे, तर खिशातल्या दहाच्या दोन नोटा भिजवल्याबद्दल. त्या नोटा संध्याकाळपर्यंत चुलीशेजारी पाट्यावर वाळत होत्या.

मामाचे आभार कधी मानले नाहीत. मामाचे कोण मानतं म्हणा. तुमच्याही उन्हाळ्यातलं असं काही राहून गेलं असेल तर लिहा. फक्त आंब्यावरच गाडी नेऊ नका, एवढी विनंती.

चष्मिष_चिमणी

आंबा.

उनाड_दुपार

😂😂 पहिल्याच प्रतिसादात विनंतीचा कोयाडा.

आमच्याकडे बिंड्याऐवजी रॉकेलचा डबा असायचा, तोंड मेणाने बंद केलेला. माझ्या डब्याचं मेण निघालं होतं. पुढचं लिहीत नाही, आई हे वाचते.

आगळ_वेगळी

आंब्याला बंदी म्हणजे अर्धा सिंधुदुर्ग बाद केलात. बरं, मी रातांब्यावर लिहिते.

मे उजाडला की खळ्यात रातांब्यांचे ढीग. आम्ही चार नाती गोल करून फोडायला. साल एकीकडे, बिया आणि गर दुसरीकडे. त्या रसात मीठ घालून सालं बुडवायची, दुसऱ्या दिवशी उन्हात टाकायची, संध्याकाळी परत रसात. असं पाच-सहा दिवस चालायचं, तेव्हा कुठे ती काळीभोर सोलं व्हायची. हात कोपरापर्यंत लाल. आजी ओरडायची, "गो, हात खंय पुसू नको, कपड्यांक डाग पडतले!" आणि मी नेमके फ्रॉकला पुसलेले असायचे.

पण मला सांगायचंय ते मुठेलाबद्दल. बिया वाळवून, कुटून, उकळून आजी तेल काढायची. ते थंड झालं की घट्ट, पांढरट पिवळं. मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे, म्हणून मुठेल. निघताना प्रत्येकीच्या पिशवीत एक गोळा, फडक्यात बांधून. टाचांना भेगा पडल्या की विस्तवावर जरा पातळ करून लावायचं. मी ते कधी लावलं नाही, वास आवडायचा नाही. कॉलेजला असताना दोन गोळे कचऱ्यात टाकले.

आता हेच "कोकम बटर" म्हणून शंभर ग्रॅमची डबी मागवते. घसघशीत पैसे मोजून. डबी उघडली की रडायला येतं, हसू नका.

चष्मिष_चिमणी

नाही हसत गं. मीसुद्धा आजीचा गोधडीचा गठ्ठा भंगारवाल्याला दिलाय.

राजेहो

राजेहो, तुमच्याकडं विहिरी अन् खळी. आमच्याकडं चंद्रपुरात 46 डिग्री. दुपारी बाहेर निघाला की आई खिशात कांदा कोंबे. कांद्यानं लू लागत नाही म्हणे. लागली की नाही ते माहीत नाही, पण शाळेच्या शर्टाले वास मात्र जून संपेतोवर होता.

उन्हाळ्यातलं माझं खातं म्हणजे कूलर. पत्र्याचा मोठा कूलर, तीन बाजूला वाळ्याच्या ताट्या. नळ सकाळी एकच तास, म्हणून दिवसभर बादलीनं पाणी भरायचं. सातवीपासून बारावीपर्यंत मीच भरलं. पहिली बादली पडली की तो वाळा जो काही सुगंध सोडे! आजोबा डोळे मिटून म्हणत, "आलं बे गाव." त्यांचं गाव वैनगंगेच्या काठी होतं, म्हणून.

नवतपा लागला, म्हणजे 25 मे नंतरचे नऊ दिवस, की आम्ही सगळे रात्री अंगणात बाजा टाकून. अंगणात पाणी शिंपडलेलं. नवतपा जेवढा तापंल तेवढा पाऊस चांगला, हे आजोबांचं मत. त्यामुळं उकाड्याची तक्रार केली की ते खूश होत.

माजघर

वाळ्याच्या ताट्या आता मिळतात का हो? आमच्याकडे गवतासारखं काहीतरी मिळतं, वास शून्य.

राजेहो

मिळतात, पण महाग. लाकडाच्या भुशाच्या मिळतात त्या घेऊ नका, कुबट वास येते.

सत्तर_पानं

मी गडचिरोलीकडचा. सुट्टी वगैरे आम्हाला नव्हती, पण धागा वाचून लिहावंसं वाटलं.

मे महिना म्हणजे तेंदूपत्ता. पहाटे तीनला आई उठवायची. जंगलात पोचेपर्यंत तांबडं फुटायचं. ऊन चढायच्या आत पानं तोडून घरी, मग सावलीत बसून सगळं घर पुडे बांधायचं. 70 पानांचा एक पुडा, आणि हिशोब शेकड्यावर. मला आकडे शाळेने नाही, पुड्यांनी शिकवले. बांधायला पळसाच्या मुळीची दोरी. संध्याकाळी फडीवर, म्हणजे पानं विकत घेतात तिथे, नेऊन द्यायचे, तिथे एखादा पुडा हलका म्हणून बाजूला काढला की आई काही बोलायची नाही, तोच परत मोजायची.

सुख कुठलं, तर टेंभरं, म्हणजे त्याच तेंदूची फळं. तोडताना पिकलेलं टेंभुर्ण दिसलं की आई तोंडात घालायची नाही, ओच्यात टाकायची. घरी आल्यावर आम्हा तिघांना. तिने स्वतः खाल्लेलं मी पाहिलेलं नाही. त्या पैशांतून जूनमध्ये वह्या आल्या. मी आज शिक्षक आहे.

आगळ_वेगळी

🙏 काय लिहू. परत परत वाचलं.

लाल_डबा

विषय जरा बदलतो. गावाला पोचणं हाच अर्धा उन्हाळा होता ना. 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्याआधी आम्ही परळहून रात्रीची एसटी. आई सगळ्यांना लिंबू देऊन बसवायची. कशेडी घाट आला की पुढच्या सीटवरची काकू खिडकीबाहेर, मागचा पोरगा खिडकीबाहेर, आणि मधे आम्ही, वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेत.

एकदा गाडी पोलादपूरच्या पुढे बंद पडली. पहाटेपर्यंत सगळे रस्त्याच्या कडेला. ड्रायव्हरने स्वतःचा डबा उघडला, भाकरी आणि सुकट, आणि आम्हा पोरांना वाटली. आयुष्यात सुकट पहिल्यांदा खाल्ली. घरी शाकाहार कडक. आईने बघितलं आणि तोंड फिरवलं. त्या ड्रायव्हरकाकांचे आभार. आईचे त्याहून जास्त.

उनाड_दुपार

आता रेल्वेचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, आधी 120 होते. कुणाला यंदा सावंतवाडीची तिकिटं मिळाली? सकाळी आठ वाजून एक मिनिटाने वेटिंग 90 दाखवत होतं.

लाल_डबा

आठ वाजून एक मिनिट म्हणजे उशीर झाला तुम्हाला.

माळवद

सगळ्यांचं छान चाललंय, पण मी जरा मिठाचा खडा टाकते.

लातूरकडचं गाव आमचं. 2016 ला लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, पण आमच्यासाठी टँकर त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. तुम्ही सुट्टीला जायचात ना, त्या घरातली मी. भाच्ची-भाचे आले की आई खूश आणि आम्ही दोघी बहिणी हंडे मोजायला लागायचो. एक पाहुणा वाढला की दोन खेपा वाढल्या. पोरं दुपारी ताक पिऊन माळवदावर पत्ते कुटत असायची, आम्ही आडावर नंबर लावून. रात्री त्याच माळवदावर सगळे ओळीने झोपायचो, चांदणं टिपूर, वारा गार, ते खरंच सुखाचं. पण पाठ टेकली की झोप. चांदण्या बघायला आम्ही जाग्याच नसायचो.

तक्रार नाही. फक्त मामाचे आभार मानताना मामीचा उल्लेख कुणी केला नाही, ते खटकलं.

विहिरीचा_काठ

ताई, लागलं. योग्य ठिकाणी लागलं. मामीला आज फोन करतो.

आखाजीची_लेक

माळवदताई, एकदम बरोबर. म्हणूनच आम्हा खानदेशी बायकांची आखाजी मला थोर वाटते. अक्षय्य तृतीयेला लेक माहेरी आली पाहिजे म्हणजे पाहिजे. लिंबाला दोर बांधून झोके, आणि त्या काही दिवसांत सासुरवाशिणीला कुणी "पाणी भर" म्हणायची टाप नाही. पुरुष मंडळी पत्ते खेळण्यात गुंग, त्या सणाला जुगारही चालवून घेतात. आमचे काका एकदा हातातलं घड्याळ हरून आले. काकू झोक्यावरून उतरल्यासुद्धा नाहीत.

पण माहेरी तरी काम कुणी केलं? वहिनीने. खापरावर मांडे करायचे म्हणजे हातावर पुरणाचा एवढा मोठा पडदा ताणायचा, चुलीसमोर, मे महिन्यात. माझी वहिनी पंधरा मांडे सलग करायची, आणि तिच्या स्वतःच्या माहेरी ती आखाजी झाल्यावर जायची. वहिनी, हे वाचत नाहीस माहीत आहे.

अंत्रुजकर

आमच्या गोव्यात मे म्हणजे पुरुमेंत. पावसाळ्याची बेगमी. सुकी मासळी, खारात घातलेल्या कैऱ्या, सोलां, मिरच्या, कांद्यांच्या माळा. मडगावला पुरुमेंताचं फेस्त भरतं तिथे आजोबांबरोबर जायचो. ते प्रत्येक सुक्या बांगड्याचा वास घेऊन बघायचे. माझ्या नाकापुढेही धरायचे, "हांगा पळय." मी आजवर तो वास ओळखायला शिकलेलो नाही.

मानकुरादबद्दल बोलायला बंदी आहे, म्हणून गप्प बसतो. पण हापूसवाल्यांनी एकदा खाऊन बघावा.

चष्मिष_चिमणी

झालं! आता हा धागा शंभरी गाठणार.

आगळ_वेगळी

अंत्रुजकर, बाहेर भेटा. 😤

दक्षिण_गोलार्ध

मेलबर्नमध्ये मे महिना म्हणजे स्वेटर. आई फोनवर सांगते कुरडया घातल्या, आणि मी हीटर लावून ऐकतेय. गेल्या जानेवारीत 40 च्या वर गेलं तेव्हा हौसेने गव्हाचा चीक केला. तीन दिवस गहू भिजवले, रोज पाणी बदललं, वाटून गाळून रात्रभर ठेवलं. शिजवताना गाठी झाल्या. अंगणात प्लास्टिक पसरून घातल्या तर मॅगपाय पक्ष्यांनी नाचून खाल्ल्या. लहानपणी कावळे हाकलायला मला काठी देऊन बसवायचे, तेव्हा मी पुस्तक वाचत बसायचे आणि आजीच्या अर्ध्या कुरडया जायच्या. आजी काही बोलली नाही कधी.

माजघर

वरचं निवळ पाणी काढून टाकलंस ना? जेवढा चीक तेवढंच पाणी आधण ठेवायचं, त्यात हिंग-मीठ. चीक हळूहळू ओतायचा, दुसऱ्याने ढवळायचं. एकटीचं काम नाही ते.

दक्षिण_गोलार्ध

नवरा ढवळत होता. तिथेच चुकलं.

विहिरीचा_काठ

फोन झाला.

आधी मामा. ऐकू कमी येतं, त्यामुळे मी मोठ्याने, बाल्कनीत उभं राहून, "मामा, बिंडा आठवतोय का?" सगळी सोसायटी ऐकतेय. मामा म्हणाला, "कुठला बिंडा? त्यो कवाच चुलीत गेला." मी म्हटलं, तुम्ही माझ्यामागे उडी मारलीत, नोटा भिजल्या. तर म्हणाला, "नोटा भिजल्याली आठवतंय. यीस रुपयं हुतं."

मग मामी. मी आभार म्हणालो तर ती घाबरली, विचारलं, "तब्येत बरी हाय न्हवं?" सांगितलं तेव्हा जरा गप्प झाली. मग म्हणाली, "आकरा पोरं हुता तुमी. सकाळच्याला पन्नास भाकरी. तू एकटाच करपल्याली मागून घ्यायचास." हे मला अजिबात आठवत नाही. करपलेली भाकरी मला आवडते, हे मात्र खरं.

विहिरीत आता गाळ आहे, बोअर घेतल्यापासून कुणी उतरत नाही.

माळवद

पन्नास भाकरी म्हणजे पहाटे चारला चूल. बरं केलंत फोन केलात.

उनाड_दुपार

ते सगळं ठीक, पोरगं पोहायला लागलं का?

विहिरीचा_काठ

नाही. आज पोट दुखतंय म्हणे. मी कपड्यांनिशी उडी मारायला तयार होतो, पण तिथे टोपीशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत.