पैसे खेळाडूच्या घरी गेले, मग फसवणूक विद्यापीठाची कशी?

कर्वेनगरचा काका:
माझा पुतण्या डेक्कनवर बास्केटबॉल खेळतो. तो बारावीत असल्यामुळे घरी सध्या अमेरिकी विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्यांखेरीज दुसरा विषय नसतो. त्या निमित्ताने २०१७ चे प्रकरण वाचनात आले. त्या वर्षी २६ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या केंद्रीय सरकारी वकिलांनी दहा जणांवर आरोप ठेवले. त्यांत चार विद्यापीठांचे सहायक प्रशिक्षक होते आणि आदिदासचे अधिकारी जेम्स गॅटो होते. एका नावाजलेल्या शालेय खेळाडूने लुइव्हिल विद्यापीठाची निवड करावी म्हणून त्याच्या घरच्यांना एक लाख डॉलर द्यायचे ठरले होते. माझा घोळ असा की विद्यापीठाला हवा तो खेळाडू मिळणार होता, घरच्यांना पैसे मिळणार होते आणि कंपनीचे बूट घालणारा संघ बळकट होणार होता. मग विद्यापीठाची फसवणूक झाली, असे न्यायालयाने का मानले? आणि हेच पुण्यात घडले तर तो गुन्हा ठरेल का?

काळा कोट:
आपण ज्याला एक प्रकरण समजत आहात, त्यात व्यवहार दोन आहेत. पहिला व्यवहार घरच्यांना पैसे देण्याचा. असे पैसे देण्याला मनाई होती ती एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडासंस्थेच्या नियमाने, आणि संस्थेचा नियम मोडला म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. त्यामुळे सरकारी वकिलांनी वळसा घेतला. पैसे घेतलेला खेळाडू नियमानुसार अपात्र ठरतो. तरीही तो पात्र असल्याचे कागदावर भासवले जाते आणि त्या कागदावर विसंबून विद्यापीठ शिष्यवृत्ती देते, म्हणजे शिष्यवृत्तीची रक्कम विद्यापीठाकडून खोटे सांगून काढली गेली, अशी ती मांडणी होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये ज्यूरीने ती मान्य केली. गॅटो यांना नऊ महिन्यांची, तर त्यांचे सहआरोपी मर्ल कोड आणि ख्रिश्चन डॉकिन्स यांना सहा-सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि २०२१ मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला. मला स्वतःला ही मांडणी ओढूनताणून आणलेली वाटते.

दुसरा व्यवहार मात्र निखळ लाचेचा आहे. ऑबर्न विद्यापीठाचे सहायक प्रशिक्षक चक पर्सन यांनी ९१,५०० डॉलर घेतले, ते आपल्या खेळाडूंना पुढे एका ठरावीक आर्थिक सल्लागाराकडे वळवण्यासाठी. ज्याच्या शब्दावर मुलगा डोळे मिटून सही करणार, त्यानेच तो शब्द विकला होता. त्यांना तुरुंगवास झाला नाही, दोनशे तास समाजसेवा करण्याची शिक्षा झाली.

जुना पंच:
वकीलसाहेबांचे पटते, पण पैसे घेणाऱ्या बापाकडे पाहताना दुसऱ्या टोकाचे आकडेही पाहावेत. लुइव्हिलचे मुख्य प्रशिक्षक रिक पिटिनो यांना वर्षाला सत्तर लाख डॉलरांहून अधिक मिळत होते. त्यांच्यावर फौजदारी आरोप नव्हता, तरी त्या ऑक्टोबरमध्ये त्यांना काढून टाकले गेले. ज्याच्या खेळावर हा सगळा डोलारा उभा होता, त्या मुलाला मात्र शिष्यवृत्तीपलीकडे एक डॉलरही घेता येत नव्हता.

वीसेक वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयाचा संघ सांभाळत होतो. फलटणकडचा सव्वासहा फूट उंचीचा एक मुलगा आम्हालाही हवा होता आणि दुसऱ्या एका महाविद्यालयालाही. मी त्याच्या घरी पोचलो तेव्हा दुसऱ्यांचा माणूस येऊन गेला होता आणि खाटेवर बारा नंबरच्या बुटांचे खोके पडले होते. मुलगा बूट चढवून अंगणात उड्या मारत होता आणि साखर कारखान्यात हंगामी काम करणारा बाप खोके उलटे करून त्यावरची किंमत वाचत होता. वसतिगृह आणि जेवण फुकट, असाही शब्द दिला गेला होता, अर्थातच तोंडी. मुलगा तिकडे गेला. दुसऱ्या वर्षी त्याचा गुडघा गेला आणि दिवाळीनंतर खोलीला दुसरे कुलूप लागले. त्या बापाला लाचखोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बालेवाडी एक्सप्रेस:
जुना पंच यांच्या मुद्द्याला आता तिकडच्या नियमांनीच दुजोरा दिला आहे. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावातून आणि प्रतिमेतून उघडपणे कमावता येते, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे त्यांना थेट पैसेही देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी (२०२५-२६) प्रत्येक विद्यापीठाची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली. म्हणजे ज्या प्रकारच्या देण्याभोवती गॅटो यांचा खटला उभा राहिला, त्याला आज बऱ्याच अंशी राजमार्ग मिळाला आहे. पर्सन यांनी केले तसे काही मात्र आजही गुन्हाच आहे.

काळा कोट:
पुण्याचे उत्तर द्यायचे राहिले होते. आपला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लोकसेवकांना लागू होतो. विद्यापीठाचे शिक्षक आणि कर्मचारी त्यात येतात, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभिमत विद्यापीठांनाही त्याच्या कक्षेत घेतले. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. खासगी क्लबचा प्रशिक्षक सहसा या कायद्यातून सुटतो. त्याच्यासाठी भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीचे कलम ३१८ लावता येईल का, ते पाहावे लागेल. फलटणच्या त्या बापाने मात्र कोणताही गुन्हा केलेला नाही.

कर्वेनगरचा काका:
सर्वांचा आभारी आहे. प्रश्न विचारण्यामागचे खरे कारण आता सांगतो. गेल्या आठवड्यात एका सल्लागाराने आम्हाला सहा लाखांचा आकडा सांगितला. त्यांतले दोन लाख रोख हवे होते, ‘तिकडच्या सरांसाठी’. पावती मागितल्यावर ते हसले आणि चहा मागवला.

काळा कोट:
हा तर उलटा व्यवहार झाला. २०१९ मध्ये अमेरिकेत हेच उघडकीस आले होते: रिक सिंगर नावाचा सल्लागार श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन प्रशिक्षकांना देत असे आणि त्यांच्या मुलांना खेळाडू म्हणून प्रवेश मिळवून देत असे. त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली आणि अनेक पालकही तुरुंगात गेले. तो चहा आपण घेतला असेल तर हरकत नाही, पण दोन लाख देऊ नका.

जुना पंच:
मुलाच्या तीन-चार पूर्ण सामन्यांचे चित्रीकरण करा. नुसत्या बास्केटचे तुकडे नकोत, बचाव करतानाही तो दिसला पाहिजे. एनसीएएच्या पात्रता केंद्राकडे नोंदणी थेट करता येते आणि प्रशिक्षकांना ई-मेलही स्वतःच पाठवता येतो. मी रविवारी सकाळी सातला डेक्कनवर असतो. मुलाला घेऊन या, डाव्या हाताने कसा खेळतो ते पाहू.