गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, मशीनचं मॉडेल: ठगांकडे हे जातं कुठून?

आरओवाला_प्रतापनगर:
मंडळी, नागपूरच्या प्रतापनगरला माझं पाणी शुद्ध करायच्या आरओ मशीनच्या विक्री अन् दुरुस्तीचं दुकान आहे. बाबांच्या काळी कूलर विकायचो, आता आरओ जास्त. यंदा उन्हाळा लागल्यापासून माझ्या दुकानाच्या नावानं गिऱ्हाइकांना फोन येऊन राहिले. 'एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार) संपली, माणूस पाठवतो, बुकिंगचा 1 रुपया या लिंकवर भरा.' लिंक दाबली की एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकायची फाईल उतरते. त्रिमूर्तीनगरच्या एका काकूंनी ती फोनमध्ये टाकली अन् खात्यातून 18,000 रुपये गेले.

काकूंचं नाव, पत्ता, मॉडेल, बसवल्याचा महिना, एवढंच नाही तर टाकीच्या नळातून पाणी गळतं हेही त्या माणसाला माहीत होतं. काकू मला म्हणाल्या, "इतकं ठाऊक असणारा माणूस परका कसा रे?" मला उत्तर देता आलं नाही. दुकानात एक रजिस्टर अन् एक कॉम्प्युटर, चोरी काही झालेली नाही. मग हे बाहेर गेलं कसं? काकू एकट्या राहतात, मुलगा पुण्याला. खूप जीवाला लागलं आहे.

ऑरेंजसिटी_77:
भाऊ, सगळ्यांचाच डेटा कधीचा बाहेर आहे. 2021 मध्ये फेसबुकचे 53 कोटींवर नंबर उघड्यावर आले, त्याच वर्षी एअर इंडियाच्या 45 लाख प्रवाशांची माहिती गेली. तुम्ही एकटे काय करणार?

धरमपेठची_मेघा:
दादा, वरच्या भाऊंनी सांगितलं ते खरं आहे, पण ते तुमच्या काकूंना लागू होत नाही. फेसबुकच्या यादीत गळका नळ नसतो.

मी आयटी पार्कजवळच्या एका टेलिकॉलिंग ऑफिसात काही वर्षं काढली. सकाळी एक्सेल यायची: नाव, मोबाईल, गाव, वस्तू, खरेदीची तारीख. कुठून आली हे विचारायचं नाही. तारीख जितकी ताजी तितका त्या यादीला भाव. ते काम सोडलं, पण एक गोष्ट पक्की शिकले: समोरच्याला काय माहीत आहे यावरून माहिती कुठून फुटली ते कळतं.

फक्त नाव अन् नंबर माहीत असेल तर उगम शोधण्यात अर्थ नाही. मॉलमधल्या लकी ड्रॉचं कूपन, नोकरीच्या साइटवरचा बायोडाटा, कॉन्टॅक्ट मागणारं कर्जाचं ॲप, कुठूनही गेलेलं असू शकतं. मॉडेल अन् खरेदीची तारीख माहीत असेल तर वॉरंटीची नोंद बघा. ती तुमच्याकडून डिस्ट्रिब्युटर, तिथून कंपनी, तिथून बाहेरचं कॉल सेंटर अशी फिरते, अन् वाटेत प्रत्येक ठिकाणी कोणाला ना कोणाला ती डाउनलोड करता येते. पार्सलवरच्या लेबलवरही नाव, पत्ता, नंबर छापलेलाच असतो. लोक खोकं तसंच कचऱ्यात टाकतात.

पण *तक्रार* माहीत असेल, तर दादा, ती अगदी जवळून गेली. तुमच्या पोरांना काम कसं देता? व्हॉट्सॲप ग्रुपवर ना? 'अमुक काकू, त्रिमूर्तीनगर, नंबर, नळ गळतो.' त्या ग्रुपमध्ये आज कोणकोण आहे ते बघा. काम सोडून गेलेला मुलगा अजून त्यात असेल. अन् तो प्रामाणिक असला तरी त्याचा फोन एखाद्या एपीकेनं पोखरलेला असू शकतो.

आणखी एक गोष्ट काकूंना नक्की विचारा: नळ गळायला लागल्यावर त्यांनी गुगलवर 'कस्टमर केअर' शोधून कुठं फोन केला होता का? ठग तिथं खोटे नंबर टाकून बसतात. माणूस आपणहून फोन करून सगळं सांगतो, अन् ठगांचा फोन दोन दिवसांनी येतो.

खात्री करायची असेल तर खुणेची नावं पेरा. घरातल्याच एका नंबरावर वॉरंटीच्या नोंदीत 'सुलभा', ग्रुपवर 'सुलोचना' असं नाव द्या. ठग ज्या नावानं हाक मारेल, ती जागा फुटकी.

सीताबर्डी_वकील:
काकूंना आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करायला लावा, तक्रार उशिरा झाली असली तरी. पैसे पुढच्या खात्यात अडकवता येतात, पण दर तासाला ती शक्यता घटते. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर. ती एपीके ओटीपीचे मेसेज वाचते, म्हणून दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा अन् त्या फोनचं नेट बंद ठेवा. ज्यांना नुसते फोन आले त्यांनी सरकारच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षु' ही संशयास्पद फोन कळवायची सोय आहे, तिथं नंबर कळवावा.

आणि बर्डीच्या बाजारात खरेदी करताना बिलासाठी मोबाईल नंबर द्यायलाच हवा असं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2023 मध्येच दुकानांना त्याची सक्ती करू नका असं कळवलं आहे.

आरओवाला_प्रतापनगर:
मेघाताई, काकूंना विचारलं. गुगलवर त्यांनी काही शोधलं नव्हतं, थेट मलाच फोन केला होता. ग्रुप उघडला तर दिवाळीच्या आधी काम सोडलेली दोन पोरं त्यात अजून होती. त्यांच्यावर आळ घेत नाही, पुरावा नाही. पण ग्रुप बंद केला. आता पोराला फोनवर फक्त पत्ता सांगतो, गिऱ्हाइकाला दुकानातून मीच फोन करतो. खुणेची नावंही टाकली.

1930 वर नोंद झाली, बँकेनं काकूंचं खातं थांबवलं आहे. उद्यापासून रजिस्टर घेऊन एकेकाला फोन लावतो. साठीच्या पुढच्यांना आधी. वकीलसाहेब, माझ्या दुकानाचं नाव वापरलं म्हणून मीही वेगळी तक्रार द्यायची का?

सीताबर्डी_वकील:
होय, द्या. ज्या ज्या गिऱ्हाइकाला फोन आला त्याच्याकडून नंबर, तारीख अन् स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, सगळे एकत्र घेऊन सायबर पोलीस ठाण्यात जा.