मिस्टर फील्डला, घरचं सगळं माझ्याकडं – जिल्ह्यात मदत नेमकी कुठल्या ऑफिसात मिळते?

पलटणवाली_सून

नमस्कार. मिस्टर आर्मीत नाईक आहेत, सध्या फील्डला, म्हणजे जिथं फॅमिलीला नेता येत नाही अशा ठिकाणी. मी गडहिंग्लज तालुक्यात सासरी असते. सासरे पण मिलिटरीतलेच, हवालदार म्हणून २००६ ला पेन्शनवर आले. घरात सासूबाई, नणंद, आणि आता आमचं बाळ, त्याचा जन्म माहेरी झाला.

एकदम तीनचार गोष्टी अंगावर आल्यात. सासूबाईंचा गुडघा पार गेलाय, डॉक्टर म्हणतात बदलावा लागेल आणि प्रायव्हेटचा आकडा ऐकून सासरे गप्पच झाले. नणंदेनं यंदा बीएससी नर्सिंगला ॲडमिशन घेतलंय, फी भरून झालीय, हॉस्टेलचं बघायचंय. आणि सगळ्यात डोक्याला ताप म्हणजे शेजारचा बांध कोरतोय, दर नांगरटीला एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आत येतो. सातबारा सासऱ्यांच्या आणि मिस्टरांच्या नावावर आहे. मिस्टरांना फोनवर सांगितलं की ते तिकडं रात्रभर जागे राहतात म्हणून मी आता सांगतच नाही.

सगळे म्हणतात मिलिटरीवाल्यांना खूप सवलती असतात. पण कुठं जायचं ते कुणीच धड सांगत नाही, सासरे म्हणतात मी कधी गेलो नाही, कुणापुढं हात पसरायचा नाही. कुणी अनुभवी असेल तर सांगा प्लीज.

(एडिट: युनिटचं नाव काढून टाकलंय, एका ताईंनी मेसेज करून सांगितलं, थँक्यू ताई.)

रि_सुभेदार

सूनबाई, पहिलं म्हणजे सासऱ्यांना सांग की हात पसरायचा प्रश्नच येत नाही, रिटायर होताना त्यांच्या पैशातून ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची वर्गणी कापली गेली असणार. एप्रिल २००३ नंतर जो पेन्शनवर आला त्याला ती मेंबरशिप घ्यावीच लागते. कपाटात जुनं कार्ड असेल तर बघा.

आता तुझा घोटाळा कुठं होतोय ते सांगतो, आणि हा सगळ्यांचाच होतो. तुझ्या घरात दोन फौजी आहेत, एक चालू नोकरीतला आणि एक माजी. दोघांची दारं वेगवेगळी. तुझं आणि बाळाचं काम नवऱ्याच्या युनिटमधून चालतं, तुमचा इलाज एमएचला, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलला. सासू आणि नणंद मात्र सासऱ्यांच्या डिपेंडंट, त्यांचं काम ईसीएचएस आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून होणार. लोक काय करतात, सासूला घेऊन मुलाच्या कार्डावर एमएचला जातात, तिथं नाव निघत नाही, मग "सगळं खोटं आहे" म्हणत परत येतात. मुलाच्या नावावर आईवडील तेव्हाच लागतात जेव्हा त्यांचं महिन्याचं उत्पन्न ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता याच्या आत असतं, सासऱ्यांची पेन्शनच त्याच्या वर जाईल.

तर गुडघ्याचं असं कर. ईसीएचएसचं जुनं कार्ड चालत नाही आता, ६४ केबी चिपचं नवीन लागतं, अर्ज ऑनलाइन. त्यात सासूबाईंचं नाव आणि जन्मतारीख सासऱ्यांच्या सर्व्हिस रेकॉर्डला जशी आहे तशीच पाहिजे. कार्ड झालं की कोल्हापूरच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे योजनेच्या दवाखान्यात, दाखवायचं, तिथला डॉक्टर रेफरल देतो, यादीवरच्या हॉस्पिटलांपैकी एक निवडायचं, आणि तिथं ऑपरेशन कॅशलेस होतं. आधी परस्पर ॲडमिट होऊन नंतर बिल घेऊन आलात तर कुणी बघणार नाही, कारण गुडघा बदलणं म्हणजे इमर्जन्सी नव्हे. हार्ट ॲटॅक, ॲक्सिडेंट ही गोष्ट वेगळी, तेव्हा जवळ असेल त्या हॉस्पिटलात घाला आणि लगेच पॉलिक्लिनिकला कळवा.

नणंदेचं तर सगळ्यात आधी करा. पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, केंद्रीय सैनिक बोर्डाची, माजी सैनिकांच्या मुलांसाठी. मुलींना महिन्याला ३,००० आणि मुलांना २,५००, वर्षाचे एकदम खात्यावर येतात. बारावीला ६० टक्के पाहिजेत, आणि पहिल्या वर्षालाच अर्ज करायचा, दुसऱ्या वर्षाला गेल्यावर दार बंद. अर्ज ऑनलाइन, पडताळणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. तिथंच सैनिकी मुलींच्या वसतिगृहाचं पण विचारा, बऱ्याच जिल्ह्यांत आहेत ती, कॉलेज ज्या जिल्ह्यात असेल तिथल्या ऑफिसला फोन लावायचा.

छावणीतली_वहिनी

काकांनी मोठं मोठं सांगितलंच, मी तुझ्या आणि बाळाच्या कागदांचं सांगते कारण त्याकडं कुणी बघत नाही. बाळाची नोंद झालीय ना? जन्माची नोंद २१ दिवसांत फुकट होते, त्यानंतर लेट फी आणि नसती झंझट. ते सर्टिफिकेट मिस्टरांना पाठव, ते युनिटच्या क्लार्कला देतील, मग पार्ट टू ऑर्डर, म्हणजे घरच्यांच्या नोंदीचा फौजी आदेश, निघतो आणि तो रेकॉर्ड ऑफिसला जातो. जोवर ती ऑर्डर नाही तोवर फौजेच्या हिशोबात तुझं बाळ जन्मलेलंच नाही!! डिपेंडंट कार्ड, शाळेत डिफेन्सच्या कोट्यातली ॲडमिशन, पुढं कधी पेन्शनचा प्रश्न, सगळं त्या एका ओळीवर.

आणि आपल्याकडं अजून एक गंमत असते. लग्नात नाव बदलायची पद्धत. माझं आधार माहेरच्या नावानं, पॅन सासरच्या, सर्व्हिस रेकॉर्डला तिसरंच स्पेलिंग, नवऱ्यानं सांगितलं आणि क्लार्कनं टाइप केलं. बँकेत जॉइंट खातं काढायला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं तिन्ही कागद एका खाली एक मांडले आणि माझ्याकडं बघून विचारलं, "मॅडम, ह्या तिघी कोण?" मला हसू आलं पण काम काही झालं नाही त्या दिवशी. तर तू आजच मिस्टरांना विचारून घे की रेकॉर्डला तुझं नाव अक्षरन् अक्षर काय आहे. सुट्टीवर आले की जॉइंट फोटो, जॉइंट खातं, नॉमिनी हे एका दमात उरकून टाका. एजीआयएफचा, म्हणजे आर्मीच्या ग्रुप इन्शुरन्सचा, नॉमिनी पण बघा, कितीतरी जणांचा लग्नाआधीचा, आईच्या नावाचाच राहिलेला असतो.

बाळाचे डोस गावच्या आरोग्य केंद्रात घे, त्यासाठी एमएच लांब गाठायची काही गरज नाही.

मिस्टरांना सांगत नाहीस म्हणालीस ते वाचून वाईट वाटलं. समजू शकते, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी आमच्याकडं पण दिवस दिवस फोन नव्हता आणि व्हॉट्सॲपवर काय काय फिरत होतं. टेली मानस म्हणून मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, कधीही लाव. सैन्यातल्या लोकांसाठी आणि घरच्यांसाठी त्याचा एक वेगळा सेल पुण्याच्या एएफएमसी या मिलिटरी मेडिकल कॉलेजात डिसेंबर २०२३ पासून आहे. वेड लागलेल्यांसाठी असतं ते, असं तुझ्या सासरी कुणी म्हणालंच तर म्हणू दे.

क्वार्टरचा विचार केलास का? फील्डला असलेल्यांच्या फॅमिलीसाठी सेपरेटेड फॅमिली क्वार्टर असतात, वेटिंग असतं पण नाव लावून ठेवायला काय जातंय. आजूबाजूला सगळ्या आपल्यासारख्याच, आव्वाच्या, म्हणजे फौजींच्या बायकांच्या संघटनेच्या, कार्यक्रमांना वगैरे मी आधी नाकं मुरडायचे, लिपस्टिकवाल्या मॅडम लोकांचं काम म्हणून, पण बाळंतपणात त्याच बायका धावून आल्या.

कोर्टकचेरी

बांधाबद्दल. भांडायला अजिबात जाऊ नका, शिवीगाळ झाली की उलट केस तुमच्यावर. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका, ऑनलाइन पण होतो. मोजणीवाले हद्दीच्या खुणा करून देतात आणि मग "क" प्रत मिळते, ती हातात असल्याशिवाय तुमचं म्हणणं म्हणजे नुसतं म्हणणं. सातबाऱ्यावर सासऱ्यांचं नाव आहे तर अर्ज ते करू शकतात, मिस्टर येईपर्यंत थांबायची गरज नाही.

वाट किंवा पाणी अडवलं, किंवा बेकायदा ताबाच काढून घेतला, तर मामलेदार न्यायालय कायदा १९०६ खाली तहसीलदारांकडं दावा करता येतो. पण घटना घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत. हा कालावधी लोक हमखास घालवतात, "सुट्टीवर येऊ दे, मग बघू" म्हणत.

समोरच्यानं कोर्टात दावा ठोकला आणि जवान येऊ शकत नाही अशी वेळ आली तर १९२५ चा भारतीय सैनिक दावे कायदा आहे. युद्धाच्या किंवा कायद्यात सांगितलेल्या विशेष परिस्थितीत तो ड्युटीवर असेल आणि तसा वरिष्ठांचा दाखला आला, तर कोर्टाला काम पुढं ढकलावं लागतं. त्याच्या पाठीमागं एकतर्फी निकाल लागला असेल तर तोसुद्धा रद्द करून मागता येतो. कितीतरी वकिलांनी हा कायदा उघडून पाहिलेला नसतो, तेव्हा नाव लिहून घ्या.

वकिलाचे पैसे हा मुद्दा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. बाईला उत्पन्नाची अट नाही, कायद्यानंच फुकट वकील मिळतो. शिवाय जुलै २०२५ मध्ये नालसानं, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं, वीर परिवार सहायता योजना सुरू केलीय, खास सैनिकांच्या कुटुंबांसाठी, सैनिक कल्याण कार्यालयांतच कायदेशीर मदत मिळावी असा त्यात विचार आहे.

खरं_बोलतो

सगळं वाचायला छान वाटतं हो. मी एका सरकारी ऑफिसात वडिलांच्या कामासाठी चकरा मारल्यात, साहेब मीटिंगला, क्लार्क रजेवर, फाइल सापडत नाही. शेवटी एका एजंटला पैसे दिले तेव्हा काम झालं. पोरीला उगाच आशा लावू नका.

रि_सुभेदार

भाऊ, एजंटला पैसे दिलेस म्हणून दुसऱ्याच्या पोरीनंही द्यावेत का? चकरा होतात, मी नाही म्हणत नाही. पण रिकाम्या हातानं "साहेब जरा बघा ना" म्हणत गेलं की चकराच होणार. अर्ज दोन प्रतीत न्यायचा. एक त्यांना, दुसरीवर आवकचा शिक्का, नंबर आणि तारीख घेऊनच काउंटर सोडायचा. पुढच्या वेळी "माझ्या अर्जाचं काय झालं" असं न विचारता "आवक नंबर अमुक, तारीख तमुक" म्हणायचं, आवाज न चढवता. बोलण्याची पद्धतच बदलते समोरच्याची.

आणि सूनबाई, स्पर्श हे फौजी पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल, तर फोनवर कुणी "स्पर्शमधून बोलतोय, पेन्शन बंद होईल, ओटीपी सांगा" म्हणालं तर लगेच कट करायचा. सासऱ्यांना पण सांगून ठेव. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो हे त्या चोरांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

अरे हो, घरपट्टी. माजी सैनिकाला राज्यात एका राहत्या घराची घरपट्टी माफ आहे, २०२० पासूनची योजना, ग्रामपंचायतीत पण लागू. सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडायचा. सासरे अजून भरत असतील तर माझ्याकडून त्यांना रामराम सांग.

पलटणवाली_सून

भरतात काका 😄 दरवर्षी गावात पहिले जाऊन भरतात, पावत्यांची फाइलच आहे.

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. आज कपाट उपसलं, ईसीएचएसचं जुनं कार्ड सापडलं, आणि सासूबाईंच्या नावाचा घोळ निघालाच, डिस्चार्ज बुकात एक आणि आधारवर एक. वहिनी, तुमच्या त्या "तिघी कोण"ला आमच्या सासूबाई खूप हसल्या. बाळाची नोंद वेळेत झालीय, सर्टिफिकेट पाठवते आजच.

दोन प्रश्न. सासूबाईंच्या नावाचं आधी काय करायचं? आणि बांधासाठी युनिटकडून कलेक्टरना पत्र जातं असं मिस्टर एकदा म्हणाले होते, ते खरंच जातं का?

रि_सुभेदार

नावाचं: फौजेचं रेकॉर्ड बदलायला वेळ खातो, म्हणून डिस्चार्ज बुकात जे आहे ते बरोबर असेल तर आधार त्याप्रमाणं करून घ्या, ते लवकर होतं. डिस्चार्ज बुकातलंच चुकीचं असेल तर सासऱ्यांनी आपल्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं, सोबत ॲफिडेव्हिट. कागद काय काय लागतील ते सैनिक कल्याण कार्यालयात विचारून मगच स्टॅम्प पेपर घ्या.

पत्र: जातं. मिस्टरांनी युनिटमध्ये अर्ज द्यायचा, सीओ साहेबांच्या, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरच्या, सहीनं पत्र कलेक्टर आणि एसपींना निघतं, प्रत सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष कलेक्टरच असतात, तेव्हा ते बरोबर ठिकाणी पोचतं. पण अर्जात "शेजारी त्रास देतो" एवढंच लिहून पाठवलं तर खाली तलाठ्यापर्यंत येऊन तिथंच झोपतं. गाव, तालुका, गट नंबर, शेजाऱ्याचं नाव आणि त्याचा गट नंबर, कधी कधी कोरलं त्या तारखा, सातबारा, मोजणीचा अर्ज केल्याची पावती, हे सगळं तू इथून व्हॉट्सॲपवर पाठव, म्हणजे तिथं बिचाऱ्याला आठवून लिहावं लागणार नाही. आणि नवऱ्याला बांधाचं सांगायचंच आहे तर मोजणीची पावती हातात आल्यावर सांग, त्याला झोप लागेल.

नणंदेच्या अर्जाची शेवटची तारीख मात्र आजच बघा.

छावणीतली_वहिनी

+१. आणि तिचं बारावीचं मार्कशीट, बोनाफाइड, बँक पासबुक स्कॅन करून ठेवा, शेवटच्या दिवशी साइट हमखास लटकते.